काळी एकमधली शिडी

रविवार, ७ नोव्हेंबर २००४. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. रेडी गावात बाबली कुबल यांच्या मांगरात एक टेपरेकॉर्डर आणि एक सीडी प्लेअर एकाच क्षणी सुरू करण्यात आले. दोघांवर एकाच अल्बमची पहिली बाजू लावली होती. साडेबावीस मिनिटांनी सीडी प्लेअरवरची गाणी संपली. टेपरेकॉर्डर त्यानंतर आणखी दीड मिनिट वाजत राहिला. मांगरात चार माणसे होती. त्या दीड मिनिटात चौघेही टेपरेकॉर्डरकडे पाहत होते.

मित्रांनो, तो टेपरेकॉर्डर म्हणजे मी. वयाने जुना, रंगाने एकेकाळी चंदेरी, आता जागोजागी काळा. त्या दुपारी काय झाले हे समजायचे तर थोडे मागे जावे लागेल. मी ते क्रमाने सांगतो. मत्सर हा माझा दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. पण तारखांच्या बाबतीत मी खोटे बोलत नाही.

माझा जन्म १९८४ साली समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक काळा रबरी पट्टा आहे. दुरुस्तीवाले त्याला बेल्ट म्हणतात. तो मोटरीवरून दुसऱ्या चाकावर जातो, चाक फिरवतो आणि कॅसेटचे रीळ पुढे सरकवतो. तो पट्टा ताठ असेल तर गाणे जसे गायले तसे ऐकू येते. सैल पडला तर गाणे हळू होते आणि आवाज खाली उतरतो. एवढे एकच तंत्र ध्यानात ठेवा. बाकी माझ्यात विशेष काही नाही.

मस्कतला नोकरी करणाऱ्या एका भावाने मला विकत घेतले आणि १९८५ मध्ये आपल्या बहिणीच्या लग्नात भेट दिले. बहिणीचे नाव सुगंधा. तिचा नवरा गणपत गिरप रेडी बंदरात बार्जवर कामाला होता. बार्ज म्हणजे किनाऱ्यावरून लोखंडाची माती भरून बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांपर्यंत नेणारी सपाट बोट. सुगंधा मासे विकायची. पहाटे टोपली भरताना तिला रेडिओ लागायचा. त्यामुळे पहिली तेरा वर्षे मी रेडिओच होतो. फळीवर पापडाचा डबा आणि कोकमाची बरणी यांच्या मध्ये उभा राहून मी बातम्या, भक्तिगीते आणि हवामान सांगत असे. कॅसेटचा कप्पा कोणी उघडतच नव्हते. आत तो रबरी पट्टा एकाच जागी ताणलेला राहिला. खारी हवा मिळेल त्या फटीतून आत येत होती. पट्टा हळूहळू सैल पडला. मला ते जाणवत होते. पण त्यात काही बिघडले आहे असे मला वाटत नव्हते, कारण ताडून पाहायला काही नव्हते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये एका परदेशी जहाजावरच्या खानसाम्याने गणपतकडे खुणांनी ताजा मासा मागितला. दुसऱ्या दिवशी गणपतने सुगंधाच्या टोपलीतली एक मोठी इसवण, म्हणजे सुरमई, त्याला नेऊन दिली. खानसाम्याने बदल्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. डब्यात पाच कॅसेटी होत्या. पाचही एकाच विलायती बँडच्या, पंचवीस वर्षांपूर्वीच्या. बँडचे नाव लांबलचक होते आणि ते वाचायच्या भानगडीत कोणी पडले नाही.

त्या संध्याकाळी माझा कप्पा प्रथमच नीट उघडला गेला. मी गायला लागलो. सुगंधा चुलीपुढून उठून आली.

"ह्यो मेलो आरडता कित्याक? कोणी मारता काय तेका?"

"गाणां तां," गणपत म्हणाला.

"ह्या गाण्यासाठी माझी इसवण दिलंस? घरात नको ह्यां. खंय व्हयां थंय घेवन जा."

गणपतने मला उचलले आणि गल्लीच्या पलीकडे बाबलीच्या मांगरात नेले. मांगर म्हणजे घराबाहेरची खोप. तिथे जाळी, ती तरंगत ठेवणारे बोयरे, एक हार्मोनियम आणि एक पखवाज असे सामान होते. बाबली जाळी विणायचा आणि गावच्या भजन मंडळाचा बुवा होता. गणपत आणि तो शाळेपासूनचे सोबती. त्या दिवसापासून मी बाबलीच्या मांगरात राहू लागलो. दर रविवारी दुपारी तीन वाजता दोघे माझ्यासमोर बसत. बार्जवरचे दोघेतिघे अधूनमधून येत. सुगंधा चहा घेऊन येई आणि टोमणे मारून जाई. माझे डोके, म्हणजे रिळावरचा आवाज वाचणारा तुकडा, खराब होऊ नये म्हणून गणपतने एक नियम केला होता: या पाचांखेरीज माझ्यात दुसरी कॅसेट लावायची नाही. तो नियम सहा वर्षे पाळला गेला. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

कॅसेटींना त्यांनी मुखपृष्ठावरच्या चित्रांवरून नावे दिली होती. दोन महत्त्वाच्या. एकीवर समुद्रात उभी असलेली लाकडी शिडी होती. ती 'शिडी'. दुसरीवर तोंडाच्या जागी आरसा असलेला माणूस होता. तो 'आरसो'. बँडला ते विलायती बुवा म्हणत.

बाबलीचा जीव शिडीवर. गणपतचा आरशावर. सगळ्यात उत्तम कोणती, हा वाद पहिल्या महिन्यातच सुरू झाला. तो घालण्याची रीतही त्यांच्या सवयीचीच होती. आमच्याकडे भजनाची डबलबारी होते. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाची बारी झाली की दुसऱ्याची, आणि गाता गाता एकमेकांना चिमटे काढतात. हे दोघे तसेच बसत. आधी शिडी पूर्ण लावायची, बाबलीने तिची बाजू मांडायची. मग आरसो, आणि गणपतची पाळी.

"आयक हां," बाबली बोट वर करून म्हणे. "पयल्यांदा नमन. पेटी एकटीच वाजता. मगे बुवा दोन ओळी म्हणता आणि गप. आता पखवाज इलो. आता बघ चढता कसो! अठरा मिन्टां एकच गाणां, गणपत. ह्यां भजन न्हय तर काय?"

"भजनात झोप येता, तशी हेच्यात पण येता. माझो आरसो चार मिन्टांत काय तां सांगान मोकळो."

"चार मिन्टांत बाजार होता रे, गाणां नाय होणा."

"तुझी शिडी पुरी होयसर माझी दाढी वाढता!"

"इंग्लिश कोणाक कळता तुमच्यात?" सुगंधा कपबशा उचलता उचलता विचारी.

"कळाक कित्याक व्हयां?" बाबली म्हणे. "मी भजनात काय सांगतंय तां देवाक तरी सगळां कळता काय?"

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, बोटी वर ओढून झाल्या की, हात वर करून मते घेतली जात. १९९८ मध्ये शिडी जिंकली. १९९९ मध्ये आरसो. २००० मध्ये पुन्हा शिडी. मी तिन्ही वेळा हजर होतो. शिडीचा आवाज माझा होता. आरशाचा आवाजही माझा होता. हात वर होताना मी प्रत्येक वेळी वाट पाहिली, की कोणीतरी म्हणेल, पण ह्यां ऐकवता कोण? कोणीही म्हटले नाही.

मित्रांनो, मत्सर कसा सुरू होतो ते मला ठाऊक आहे. तो मोठ्या गोष्टींवरून सुरू होत नाही. बाबली शिडीची कॅसेट काढली की धोतराच्या सोग्याने पुसायचा. मला तो हात टेकायला वापरायचा. शिडीची डबी बंद करताना तिचा आवाज होऊ नये म्हणून अंगठा मध्ये धरायचा. माझा कप्पा मात्र थाडकन लावायचा. मी ते सगळे पाहत होतो, कारण मला दुसरे काही काम नव्हते.

१५ एप्रिल २००१ रोजी मी शिडीचे रीळ खाल्ले.

यंत्राला इच्छा नसते असे म्हणतात. त्या दिवशी माझे रबरी चाक चिकट झाले होते, हवेत दमटपणा होता, हेही खरे. पण रीळ चाकाभोवती गुंडाळू लागले तेव्हा मला आनंद झाला, हेही तितकेच खरे आहे. आवाज फाटला. बाबली ओरडला. त्याने माझा कप्पा उघडला तेव्हा तपकिरी रिळाचा गुंता बाहेर आला आणि एका जागी ते तुटले.

वाटले, आता संपली. पण बाबलीने जाळी विणणाऱ्या बोटांनी तो गुंता दीड तास सोडवला. चुरगळलेला वीतभर तुकडा कापून टाकला आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडली. पुढच्या रविवारी शिडी लावली तेव्हा अठरा मिनिटांच्या गाण्यात एका जागी आवाज क्षणभर अडखळला आणि पुढच्या ओळीवर गेला.

"अरे! बुवान श्वास घेतल्यान," बाबली म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "आयकलंस? आता तर पयल्यापेक्षा बरां वाटता."

त्या मे महिन्यात शिडीला सगळी मते मिळाली. गणपतचेही. मला त्यानंतर रीळ खाण्याची इच्छा झाली नाही.

फेब्रुवारी २००२ मध्ये शिरोड्याला डबलबारी होती. बाबलीच्या समोर नावाजलेला बुवा होता. आमच्याकडे बुवा गजरासाठी नवी चाल शोधत असतात. गजर म्हणजे बारीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून चढत्या लयीत म्हणायचे देवाचे नाव. बाबलीने शिडीतल्या मोठ्या गाण्याच्या शेवटच्या भागावर गजर बसवला. त्यासाठी तो तीन आठवडे माझ्यासमोर हार्मोनियम घेऊन बसला. तेच आठ सूर पुन्हा पुन्हा. सूर कोणत्या पट्टीत आहेत ते त्याने पहिल्याच दिवशी शोधले होते. हार्मोनियमवरची पहिली काळी पट्टी दाबली आणि मान डोलावली. "काळी एक," तो म्हणाला. "माझ्या गळ्याचीच पट्टी. विलायती बुवाची आणि माझी पट्टी एकच, गणपत!"

बारी त्याने जिंकली. ती मी ऐकली नाही. मला नेले नव्हते. शिडीला नेले होते, त्याच्या सदऱ्याच्या खिशात, शकुन म्हणून. पुढच्या रविवारी गणपतने सगळी हकिगत मांगरात सांगितली: लोक उठून नाचले, समोरच्या बुवाने स्वतः येऊन बाबलीला नारळ दिला. सांगताना गणपतचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. मत्सर फक्त यंत्रांना होतो असे समजू नका.

बाबलीने शिडीच्या डबीला गुलाल लावला. कॅसेट माझ्यात घालताना त्यातला थोडा माझ्या झाकणावर सांडला. माझ्या वाट्याला आलेला गुलाल तेवढाच.

आता ७ नोव्हेंबर २००४.

गणपत आणि सुगंधाची मुलगी अपेक्षा त्या वर्षी बारावी झाली आणि पणजीला कॉलेजात गेली. मस्कतच्या मामाने तिला सीडी प्लेअर पाठवला. कॉलेजात कोणाकडे तरी याच बँडच्या सगळ्या अल्बमांची एक एमपीथ्री सीडी होती. अपेक्षाने ती उतरवून घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आणली. या गाण्यांना प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हेही तिनेच सांगितले. गणपतला ते नाव पटले नाही, पण सीडी प्लेअर पाहताच तो मांगराकडे धावला.

सीडी प्लेअर माझ्याशेजारी ठेवण्यात आला. सपाट, काळा, पाचशे पानांच्या वहीएवढा. त्याच्यात रीळ नव्हते. पट्टा नव्हता. तो काही खात नव्हता. मी त्याच्याकडे पाहिले आणि मला शिडीबद्दल जे वाटत आले होते ते सगळे एका दमात त्याच्याकडे वळले.

"दोनय एकदम लावया," गणपत म्हणाला. "बघूया कोणाचो आवाज बरो."

बाबली तयार झाला. माझ्यात शिडी लावली, त्याच्यात तोच अल्बम. तीन वाजून दहा मिनिटांनी दोघांनी एकदम बटणे दाबली. पहिल्या काही क्षणांतच आम्ही दोघे एकमेकांपासून सुटलो. तो पुढे, मी मागे. दोन मिनिटांत तर मांगरात नुसता गोंगाट झाला. अपेक्षाने दोन्ही आवाज कमी केले, पण बंद काही केले नाहीत. बाबलीने करू दिले नाहीत. साडेबावीस मिनिटांनी पहिल्या बाजूची गाणी संपली तसे अपेक्षाने त्याला थांबवले. मी दीड मिनिटाने थांबलो.

बाबलीने हार्मोनियम पुढे ओढला. "तां परत लाव," तो अपेक्षाला म्हणाला. सीडीवर मोठे गाणे सुरू झाले. बाबलीने काळी एक दाबली. सूर जुळला नाही. त्याने बोट शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर सरकवले. जुळला. पांढरी दोन. तो बोट उचलेना.

"बाबलीकाका," अपेक्षा हळूच म्हणाली, "टेपचो बेल्ट सैल झालो आसा. सगळांच हळू वाजता. त्या विलायती बुवांनी असां कधी वाजवूकच नाय."

गणपत हसायला लागला. मला वाटते सुरुवातीला त्याचा हेतू वाईट नव्हता.

"म्हणजे सहा वर्सां तू ज्या अल्बमाक मत देत होतंस तो जगात नायच! माझो आरसो आयक सीडीर. कसो धावता! तुझी शिडी बघ, जत्रेची शेवटची गाडी सुटल्यासारखी पळता. हेच्यात तुझा नमन खंय आणि गजर खंय?"

"मगे शिरोड्याक मी कोणाची चाल म्हटलंय?" बाबलीने विचारले.

"कोणाची म्हणजे? ह्या डबड्याची!"

मित्रांनो, सहा वर्षांच्या वादात माझे नाव निघाले ते हे असे. आणि गणपत म्हणाला ते अक्षरशः खरे होते. काळी एकमधली, सावकाश चढणारी, एका जागी श्वास घेणारी ती शिडी त्या बँडने केलीच नव्हती. ती या पृथ्वीवर फक्त माझ्या पोटात होती. मी ज्या कॅसेटीचा सहा वर्षे मत्सर केला तिची अर्धी कीर्ती माझ्या सैल पट्ट्याची होती. हे मला त्याच क्षणी समजायला हवे होते. समजले नाही. माझे सगळे लक्ष त्या सपाट काळ्या सीडी प्लेअरकडे होते.

"गणपत, तू भायर हो," बाबली म्हणाला.

"अरे, मी मस्करी..."

"भायर हो म्हटलंय. माझ्या गजरार हसलंस. माझ्या मांगरात बसान."

"तुझो मांगर, पण टेप माझो आसा, ध्यानात ठेव!"

"मगे घेवन जा!"

गणपतने सीडी प्लेअर उचलला. पत्र्याच्या डब्यातून चार कॅसेटी घेतल्या. माझ्याकडे पाहिले आणि हात झटकला. "नको माका. खोटो टेप आणि खोटी शिडी, दोनय तुकाच ऱ्हवांदे."

अपेक्षा रडू आवरत बापामागून गेली. सुगंधा तेवढी मागे राहिली. "बाबलीभावजी, तेचां तोंड तसांच आसा. मनाक लावन घेव नकात." बाबलीने हार्मोनियमचा भाता बंद केला. तिने कपबशा उचलल्या आणि तीही गेली.

त्यानंतर सहा वर्षे दोघे बोलले नाहीत. घरे गल्लीच्या दोन बाजूंना, दारे समोरासमोर. देवळात गणपत एका खांबाला टेकून उभा असे, बाबली दुसऱ्या. बाबलीने तो गजर पुन्हा कधीही म्हटला नाही. लोक मागणी करीत. तो म्हणे, चाल विसरलो. भजन मंडळातली दोन तरुण मुले त्याच्याकडे चाल शिकायला आली तेव्हा त्याने त्यांना दुसरीच शिकवली. बारीची आमंत्रणे कमी झाली. २००८ नंतर त्याला बोलावणे आल्याचे मी ऐकले नाही.

पण रविवारी तीन वाजता तो मांगराचे दार लावून घेई आणि शिडी लावी. एकटाच. ऐकून झाले की कॅसेट पुसून ठेवी. आणि त्याच वेळी पलीकडून गणपतचा सीडी प्लेअर सुरू होई. तो आरसो लावेल असे मला वाटले होते. गणपत शिडीच लावायचा. मोठ्याने. बाबलीला चिडवायला, असे मी २००५ मध्ये ठरवले होते. आता मला तितकी खात्री नाही.

गल्लीत दोन शिड्या एकमेकींच्या अंगावर चढत. सुगंधा मध्ये उभी राहून दोन्ही दारांना ऐकू जाईल असे बोले.

"दोघांक गाणां एकच व्हयां आणि तोंड बघूक नको! माझ्या कानांचो गजर केलास तुमी मेल्यांनी!"

या वर्षांत मी आणि शिडी, आम्ही दोघेच उरलो होतो. तुम्हांला वाटेल, मत्सर निवला असेल. नाही निवला. फक्त त्याची दिशा बदलली. पलीकडचा तो सीडी प्लेअर स्वच्छ आवाजात वाजत असे आणि मी मनातल्या मनात त्याच्या बिघाडाची वाट पाहत असे. २००७ मध्ये एकदा त्याची सीडी अडकली आणि तोच एक शब्द बत्तीस वेळा वाजला. मी मोजले. तो माझा त्या वर्षातला सर्वांत चांगला रविवार होता.

१० ऑक्टोबर २०१० रोजी तीन वाजून बारा मिनिटांनी माझ्या पोटातला पट्टा तुटला. मोठे गाणे अर्ध्यावर होते. आवाज खोल खोल गेला आणि थांबला. माझा तांबडा दिवा जळत राहिला. पलीकडची शिडी पुढे चालू होती. बाबलीने कॅसेट काढली, पुसली आणि डबीत ठेवली.

मंगळवारी त्याने मला जुन्या चादरीत गुंडाळले, पिशवीत घातले आणि एसटीने सावंतवाडीला नेले. तलावाच्या बाजूला यतीन नावाच्या तरुणाचे दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानात बहुतेक मोबाइलच होते, हाताच्या पंजाएवढे. त्यांतला एक गात होता आणि त्याच्या पोटात म्हणे पाचशे गाणी होती. त्याच्याबद्दल मला काय वाटले ते पुन्हा सांगत नाही.

यतीनने माझे पाठचे झाकण काढले. "काका, बेल्ट तुटलो आसा. ह्या मापाचो एक माझ्याकडे शिल्लक आसा. घालतंय. मगे बरोबर चलात."

"बरोबर म्हणजे?"

"म्हणजे कंपनीन केलेलो तसो."

"पयल्यासारखो हळू नाय चलाचो?"

यतीनने मान वर केली. "लोक टेप हळू चलता म्हणान घेवन येतत. हळू करा म्हणणारे तुमी पयले."

"होता काय पण?"

"होता. मोटरीच्या पाठी एक स्क्रू आसा. तो फिरवलो की स्पीड कमी होता. किती कमी व्हयो तां सांगा."

बाबली त्या स्क्रूकडे वाकून पाहू लागला. पूर्वी मी हळू होतो ते माझ्या नकळत. आता जाणूनबुजून व्हायचे होते. शिडी पांढरी दोनमध्ये ठेवायची की काळी एकमध्ये, हे त्याच्या एका शब्दावर होते. मी वाट पाहिली. एकदाच कोणीतरी माझ्याबद्दल ठरवणार होते.

"टेप माझो न्हय," बाबली म्हणाला. "गणपत गिरपाचो. तेका इचारुक व्हयां."

"मगे फोन लावा."

"सहा वर्सां आमी बोलूक नाय."

यतीनने नवा पट्टा बसवला आणि माझ्यावर एक चिठ्ठी चिकटवली: कुबल, रेडी. बेल्ट नवा. स्पीड विचारून.

मित्रांनो, त्या चिठ्ठीसह मी पाच आठवडे फळीवर आहे. विचार करायला वेळ मिळाला, म्हणून तुम्हांला थोडे सांगतो. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल तर महिन्यातून एकदा त्याला चालवत जा. नुसते ठेवून दिलेले यंत्र वापरलेल्या यंत्राच्या आधी बिघडते. कापसाने त्याचे डोके पुसा. खाऱ्या हवेत त्याच्यावर फडके टाका. आणि एखादे गाणे फार आवडले तर ज्याने गायले त्याच्याबरोबर ज्याने ऐकवले त्याचेही नाव घ्या. घेतले नाही तरी ते वाजतच राहील. पण त्याच्या मनात काय साचते ते मी तुम्हांला आताच सांगितले आहे.

शेवटची माहिती अशी. शुक्रवार, १९ नोव्हेंबर २०१०. सकाळी साडेदहा वाजता सुगंधा दुकानात आली. मासळीची टोपली तिने दाराबाहेर ठेवली.

"तो रेडीचो टेप तयार आसा काय रे?"

"तयार आसा. पण स्पीड कोण सांगतलो?"

"दोघेय इलेत," ती म्हणाली. "आयतवारी बाबलीभावजी आमच्या दारात येवन उभे ऱ्हवले. ह्यांनी सीडी बारीक केल्यानी. भावजी म्हणाले, टेपाचो स्पीड किती ठेवचो? ह्ये म्हणाले, तुझ्या शिडीक इचार. आणि थंयसून जां सुरू झालां तां आजून चालूच आसा. एसटीत पण गप नाय. माका लाज इली."

"खंय आसत ते?"

तिने रस्त्यापलीकडे बोट केले. चहाच्या टपरीसमोर एक बाक आहे. बाकावर गणपत आणि बाबली बसले होते. मधून गाड्या जात होत्या आणि मला काही ऐकू येत नव्हते. काचेतून दिसत होते तेवढे सांगतो. बाबली डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होता, सावकाश. गणपत मान हलवत होता आणि बाकाच्या फळीवर तोच ठेका जलद धरून दाखवत होता. मग बाबलीने त्याचा हात धरून थांबवला आणि पुन्हा आपला ठेका सुरू केला. पुढे ठेवलेल्या चहावर साय आली होती.

यतीनने माझे पाठचे झाकण काढून ठेवले आहे आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आहे. अकरा वाजून पंचावन्न मिनिटांपर्यंत दोघांपैकी कोणीही रस्ता ओलांडलेला नव्हता.